काक्षीच्या स्फोटाच्या बातम्या: त्यांत तथ्य किती?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मृग नक्षत्रातील काक्षी, म्हणजे पाश्चात्त्य नावाने बेटेलगूज, हा तांबडा तारा लवकरच फुटणार, आकाशात दोन सूर्य दिसणार, किंबहुना तो फुटलाही असेल आणि आपल्याला अजून कळलेले नाही, अशा बातम्या वर्षा-दोन वर्षांनी येत राहतात. त्यांत खरे किती आणि खोटे किती? शिवाय दर वेळी 'शास्त्रज्ञांचे म्हणणे' निराळेच कसे असते?

मी अनेक वर्षे रूपविकारी ताऱ्यांची, म्हणजे ज्यांचे तेज बदलते अशा ताऱ्यांची, निरीक्षणे करत आलो आहे आणि आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत हा प्रश्न नेहमीच विचारला जातो, त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. काक्षीचा शेवट अतिनवताऱ्याच्या (सुपरनोव्हाच्या) स्फोटाने होणार याबद्दल तज्ज्ञांत जवळजवळ मतभेद नाही. हा स्फोट केव्हा होईल याविषयी आज सर्वांत ग्राह्य मानला जाणारा अंदाज सुमारे एक लाख वर्षांचा आहे. बातम्यांमधला दोष बहुधा एकाच जागी असतो. ताऱ्याच्या पृष्ठभागावर काही घडले की त्यावरून त्याच्या गाभ्याविषयी निष्कर्ष काढला जातो, आणि काक्षीसारख्या ताऱ्यात या दोहोंचा संबंध अतिशय क्षीण असतो. हे नीट समजले की बहुतेक मथळ्यांची किंमत वाचकाला स्वतःच ठरवता येते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

काक्षीचे वस्तुमान सूर्याच्या साधारण १६ ते १९ पट आहे आणि त्याचे वय एक कोटी वर्षांच्या आसपास किंवा थोडे कमी आहे. सूर्याचे वय साडेचारशे कोटी वर्षांहून अधिक आहे हे लक्षात घेतले तर काक्षी अगदीच अल्पवयीन ठरतो, परंतु जड तारे आपले इंधन उधळपट्टीने वापरतात. गाभ्यातील हायड्रोजन संपल्यावर हा तारा प्रचंड फुगला. आज त्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे साडेसातशे पट आहे, असे २०२० सालच्या एका सविस्तर अभ्यासात आढळले. सूर्याच्या जागी तो ठेवला तर मंगळाची कक्षा त्याच्या पोटात जाईल आणि त्याची कड लघुग्रहांच्या पट्ट्यात पोहोचेल. याच अभ्यासानुसार त्याच्या गाभ्यात सध्या हीलियमचे संमीलन (अणुकेंद्रे जुळून अधिक जड मूलद्रव्य बनणे; यालाच पुढे 'जळणे' म्हटले आहे) चालू आहे, आणि हा टप्पा लाखो वर्षांच्या हिशेबाचा असतो.

यापुढचे टप्पे मात्र झपाट्याने आखूड होत जातात. हीलियमनंतर कार्बन जळू लागतो आणि तो काही शतके, फार तर हजार-दोन हजार वर्षे पुरतो. त्यानंतर निऑन आणि ऑक्सिजन यांचा हिशेब वर्षांत आणि महिन्यांत, तर सिलिकॉनचा अवघ्या काही दिवसांत संपतो. मग उरतो लोहाचा गाभा, ज्यातून संमीलनाने ऊर्जा मिळत नाही, आणि तो एका सेकंदाहूनही कमी काळात कोसळतो. आता मुख्य मुद्दा असा की कार्बनच्या टप्प्यापासून पुढे गाभ्यात निर्माण होणारी बहुतेक ऊर्जा न्यूट्रिनो नावाच्या कणांवाटे थेट बाहेर निघून जाते. वरचे विस्तीर्ण आवरण त्या ऊर्जेला अडवत नाही, म्हणून तापतही नाही. शिवाय एवढ्या मोठ्या आवरणाला आतल्या बदलाशी औष्णिक दृष्ट्या जुळवून घ्यायला काही दशके लागतात, आणि शेवटचे टप्पे तर त्याआधीच उरकलेले असतात. म्हणजे गाभ्यात सिलिकॉन जळत असला तरी वरून पाहणाऱ्याला तोच तांबडा, तसाच अधूनमधून मंद-तेजस्वी होणारा तारा दिसत राहील.

या नियमाला एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. २०२० साली सुमारे बारा कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका दीर्घिकेत काक्षीसारख्याच एका तांबड्या महाराक्षसी, म्हणजे प्रचंड फुगलेल्या, ताऱ्याचा स्फोट झाला, आणि त्याआधीचे सुमारे १३० दिवस तो नेहमीपेक्षा ठळकपणे उजळलेला होता, असे जुन्या प्रतिमांवरून दिसून आले. काही ताऱ्यांत शेवटच्या वर्षा-दीड वर्षात गाभ्यातील खळबळ वरपर्यंत पोहोचून द्रव्य बाहेर फेकले जात असावे. याउलट मे २०२३ मध्ये एम १०१ या बऱ्याच जवळच्या दीर्घिकेत जपानमधील कोइची इतागाकी यांनी शोधलेल्या अतिनवताऱ्याच्या बाबतीत, स्फोटापूर्वीच्या अनेक वर्षांच्या प्रतिमा धुंडाळूनही दृश्य प्रकाशात असा ठळक उद्रेक सापडला नाही. तो ताराही तांबडा महाराक्षसीच होता, धुळीने वेढलेला होता आणि सुमारे तीन वर्षांच्या चक्रात कमी-अधिक उजळत होता. त्या चक्रातच एके दिवशी तो फुटला. थोडक्यात, पूर्वसूचना मिळेलच असे नाही, आणि मिळाली तरी ती उजळण्याची असण्याचा संभव अधिक आहे.

आता बातम्यांचा इतिहास पाहू. जून २००९ मध्ये नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील माउंट विल्सन येथील अवरक्त व्यतिकरणमापकाच्या (वेगवेगळ्या ठिकाणी टिपलेला प्रकाश एकत्र करून सूक्ष्म कोन मोजणाऱ्या उपकरणाच्या) साहाय्याने जाहीर केले की १९९३ पासून काक्षीचा मोजलेला व्यास सुमारे १५ टक्क्यांनी घटला आहे. बातमी झाली: तारा आकसतो आहे, म्हणजे कोसळतो आहे. प्रत्यक्षात ज्या तरंगलांबीत ते मोजमाप होते, तीत ताऱ्याच्या बाहेरच्या वायूच्या थरांचाही वाटा असतो आणि हे थर बदलते असतात. गाभ्याच्या कोसळण्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता. जानेवारी २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका प्राध्यापकांनी काक्षी फुटल्यास काय दिसेल याचे वर्णन केले आणि त्यातून 'दुसरा सूर्य' हे शब्द जगभर गेले. त्या वेळी माया दिनदर्शिकेवरून २०१२ च्या जगबुडीची चर्चा रंगलेली असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या. पुढे २०१९ च्या अखेरीस तारा मंद झाला, तेव्हा तो फुटणार होता. २०२३ मध्ये तो नेहमीपेक्षा बराच तेजस्वी झाला, तेव्हाही फुटणार होता. तारा आकसला, मंदावला किंवा उजळला तरी निष्कर्ष एकच निघत असेल, तर तो निष्कर्ष निरीक्षणातून आलेला नाही एवढे निश्चित म्हणता येते.

२०१९-२० च्या मंदीकरणाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण ती घटना खरोखरच असाधारण होती आणि स्फोटाच्या गदारोळात तिचे खरे महत्त्व झाकले गेले. काक्षीचे तेज बदलते हे जॉन हर्शेल यांनी १८३६ मध्येच लक्षात घेतले होते. त्यात सुमारे ४०० दिवसांचे एक स्पंदन (ताऱ्याचे आळीपाळीने फुगणे-आकसणे) आहे आणि सुमारे २,१०० दिवसांचे, म्हणजे पावणेसहा वर्षांचे, आणखी एक दीर्घ चक्र आहे. या चक्रांत त्याची दृश्य प्रत बहुतांश काळ ०.३ ते ०.८ च्या दरम्यान फिरते. (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद.) अमेरिकेतील व्हिलानोव्हा विद्यापीठाचे एडवर्ड गिनन आणि त्यांचे सहकारी रिचर्ड वासाटोनिक अनेक वर्षे या ताऱ्याचे प्रकाशमापन करत होते. डिसेंबर २०१९ च्या सुरुवातीला त्यांनी खगोलशास्त्रज्ञांसाठीच्या तातडीच्या सूचनासेवेवर कळवले की तारा त्यांच्या नोंदींतील नीचांकाकडे चालला आहे. त्या सूचनेत स्फोटाचे भाकीत नव्हते. पण फेब्रुवारी २०२० च्या मध्यापर्यंत प्रत १.६ च्या आसपास घसरली, म्हणजे तेज नेहमीच्या मानाने अडीचपटीहून अधिक कमी झाले. मृगाच्या चौकटीतील दुसरा कोपरा, बेलाट्रिक्स, नेहमी काक्षीपुढे फिका वाटतो; त्या महिन्यात दोघे जवळजवळ सारखे दिसत होते. साध्या डोळ्यांनी, शहराच्या उजेडातूनही, एखाद्या परिचित नक्षत्राचा चेहरा बदललेला पाहण्याची संधी फार क्वचित मिळते.

हे कशामुळे झाले, याचा उलगडा पुढच्या दोन-अडीच वर्षांत होत गेला. चिलीतील व्हेरी लार्ज टेलिस्कोपवरील स्फीअर या उपकरणाने जानेवारी २०१९ मध्ये, म्हणजे मंदीकरणापूर्वी, ताऱ्याच्या चकतीची प्रतिमा योगायोगाने घेतलेली होती. डिसेंबर २०१९ च्या प्रतिमेशी तिची तुलना केली तेव्हा दिसले की संपूर्ण तारा मंद झालेला नव्हता. त्याचा दक्षिणेकडचा भाग तेवढा काळवंडला होता. मिगेल मोंतार्जे आणि सहकाऱ्यांचा २०२१ मधील निष्कर्ष असा की आधी पृष्ठभागाचा एक भाग थंड झाला आणि त्या थंडाव्यामुळे ताऱ्याने पूर्वी बाहेर टाकलेल्या वायूचे धुळीत रूपांतर होऊन तिचा पडदा आपल्या दृष्टिरेषेत आला. हबल दुर्बिणीच्या अतिनील निरीक्षणांवरून आंद्रेया ड्यूप्री यांनी दाखवले की सप्टेंबर ते नोव्हेंबर २०१९ या काळात त्याच दक्षिण भागातून दाट, तप्त द्रव्य वातावरणातून बाहेर सरकत होते. आणि मला सर्वांत आवडलेला पुरावा जपानच्या हिमावारी-८ या हवामान उपग्रहाचा. पृथ्वीवरील ढगांची छायाचित्रे घेताना या उपग्रहाच्या चौकटीच्या कडेला काही तारेही येतात. त्यांतून काक्षीच्या साडेचार वर्षांच्या नोंदी वेचून काढल्या गेल्या, आणि तापमानातील सुमारे १४० अंशांची घट व धुळीचा पडदा या दोहोंचा वाटा जवळपास सारखाच होता असा हिशेब मांडला गेला. ढग मोजण्यासाठी सोडलेल्या यंत्राने ताऱ्याभोवतीची धूळ मोजली, ही बातमी कोणत्याही स्फोटाच्या बातमीपेक्षा अधिक वाचनीय होती असे माझे मत आहे, पण ती फारशी कोठे छापून आली नाही.

पृष्ठभागाचा एवढा मोठा तुकडा एकदम थंड का व्हावा, याचेही कारण आहे. सूर्याच्या पृष्ठभागावर अभिसरणाच्या, म्हणजे तप्त वायू वर येऊन थंड होत खाली जाण्याच्या, लक्षावधी लहान पेशी दिसतात. काक्षीसारख्या ताऱ्यावर एका वेळी अशा मोजक्याच अवाढव्य पेशी असाव्यात, अशी कल्पना मार्टिन श्वार्झशिल्ड यांनी १९७५ मध्ये मांडली होती. उकळत्या दुधावर एकदम वर येणारा एखादा मोठा बुडबुडा पूर्ण साय हलवतो, तसे अशा एका पेशीतील चढ-उताराने संपूर्ण ताऱ्याचे तेज बदलते. ही सगळी खळबळ आवरणातली आहे, गाभ्यातली नव्हे. एप्रिल-मे २०२० पर्यंत काक्षी नेहमीच्या तेजावर परतलाही होता, मात्र तोवर जगभरच्या वृत्तपत्रांत करोनाखेरीज दुसऱ्या कशालाही जागा उरलेली नव्हती. त्यामुळे तारा मंदावल्याचे ज्यांनी वाचले, त्यांतल्या अनेकांना तो पूर्ववत झाल्याचे कधी समजलेच नाही.

त्याच धामधुमीतील एक प्रसंग अफवा कशी जन्मते याचा नमुना म्हणून सांगण्यासारखा आहे. १४ जानेवारी २०२० रोजी गुरुत्वीय लहरी (ताऱ्याचा गाभा कोसळल्यावरही अशा लहरी उठू शकतात) टिपणाऱ्या शोधक उपकरणांनी एका अनोळखी, क्षणिक संकेताची सूचना दिली. काही तासांत समाजमाध्यमांवर प्रश्न सुरू झाले की काक्षी कोसळला की काय. वस्तुतः तो संकेत काक्षीच्या दिशेने आलेला नव्हता, कोणत्याही न्यूट्रिनो शोधकात काही नोंदले गेलेले नव्हते, आणि सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे बाहेर जाऊन पाहिले तर तारा जागेवरच होता.

२०२३ चे प्रकरण याहून सूक्ष्म आहे, कारण त्या वेळी मथळ्यांमागे एक खरा शोधनिबंध होता. जपानमधील तोहोकू विद्यापीठाचे हिदेयुकी साइओ आणि जिनेव्हा येथील त्यांचे सहकारी यांनी असे प्रतिपादन केले की काक्षीचे सुमारे २,२०० दिवसांचे दीर्घ चक्र हेच त्याचे मूळ स्पंदन मानले, तर तारा आजच्या समजुतीपेक्षा खूप मोठा, सूर्याच्या १,२०० ते १,३०० पट त्रिज्येचा असला पाहिजे आणि त्याच्या गाभ्यात कार्बनचा टप्पा संपत आलेला असला पाहिजे. निबंधात म्हटले होते की गाभ्यातील कार्बन संपल्यानंतर, आणि तो बहुधा तीनशेहून कमी वर्षांत संपेल, काही दशकांत स्फोट अपेक्षित आहे. मथळ्यांत केवळ 'काही दशकांत स्फोट' एवढेच आले आणि त्याआधीची तीनशे वर्षे गाळली गेली. याच निबंधात लेखकांनी हेही लिहिले होते की कार्बन संपण्याच्या सुमारास व त्यानंतर पृष्ठभाग फारसा बदलत नाही, त्यामुळे तारा नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे हे निश्चित करता येत नाही. हे वाक्य कोणत्याही बातमीत माझ्या पाहण्यात आले नाही.

या प्रतिपादनावर लगेच आक्षेप आले. काक्षीची चकती आकाशात किती मोठी दिसते हे १९२० सालापासून मोजले जात आहे. सूर्याव्यतिरिक्त ज्याचा व्यास मोजला गेला असा हा पहिलाच तारा. माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर वीस फुटी व्यतिकरणमापक बसवून मायकेलसन आणि पीझ यांनी डिसेंबर १९२० मध्ये हे काम केले. आजच्या अधिक अचूक मोजमापांनुसार हा कोनीय व्यास आणि ताऱ्याचे अंतर यांच्यातून १,२०० ते १,३०० पट त्रिज्या निघत नाही, असे लास्लो मोल्नार, मेरिडिथ जॉइस आणि शिंग-ची ल्युंग यांनी दाखवून दिले. मग ते दीर्घ चक्र कशाचे? २०२४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी सुचवले की ते एका लहान सोबती ताऱ्याच्या प्रदक्षिणेचे असावे. जुलै २०२५ मध्ये हवाई बेटावरील जेमिनी नॉर्थ दुर्बिणीतून स्टीव्ह हॉवेल यांच्या गटाने, अपेक्षित ठिकाणी, काक्षीपासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे चौपट अंतरावर असा एक अंधुक सोबती दिसल्याचे जाहीर केले. हा पुरावा अजून दुबळा आहे आणि पुढील निरीक्षणांनी तो पक्का व्हायला हवा, पण दीर्घ चक्र सोबत्याचेच निघाले, तर 'काही दशकांत' या भाकिताचा पायाच निखळतो. म्हणून माझा कल सध्या एक लाख वर्षांच्या अंदाजाकडे आहे.

येथे अंतराविषयी दोन शब्द लिहायला हवेत, कारण तज्ज्ञांच्या आकड्यांत दिसणाऱ्या तफावतीचे मूळ तेथे आहे. ताऱ्यांचे अंतर मोजण्याची मूलभूत रीत म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याच्या भासमान जागेत पडणारा सूक्ष्म फरक मोजणे. काक्षीच्या बाबतीत अडचण अशी की त्याची चकतीच या फरकाच्या कितीतरी पट मोठी आहे आणि तिच्यावरचे उजळ-काळे भाग सतत हलत असतात. त्यामुळे ज्याचे स्थान मोजायचे तो बिंदूच अस्थिर होतो. ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या हिप्पार्कस उपग्रहाच्या १९९७ च्या तालिकेनुसार हे अंतर सुमारे ४३० प्रकाशवर्षे होते, २००८ मध्ये ते सुमारे ६४० झाले, २०१७ मध्ये ७२० च्या पुढे गेले आणि २०२० मध्ये ५५० च्या आसपास उतरले. त्याच कामासाठी पुढे सोडलेल्या गैया उपग्रहाच्या दृष्टीने हा तारा फारच तेजस्वी असल्याने त्याचीही मदत होत नाही. अंतर बदलले की ताऱ्याची त्रिज्या, निखळ तेजस्विता, वस्तुमान आणि म्हणून उरलेले आयुष्य हे सगळेच आकडे बदलतात. शास्त्रज्ञ दर वेळी नवे सांगतात अशी तक्रार करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

'तो आधीच फुटला असेल' हे विधान तत्त्वतः चुकीचे नाही. आज दिसणारा काक्षीचा प्रकाश देवगिरीच्या यादवांच्या अस्तापासून बहमनी राजवटीच्या भरभराटीपर्यंतच्या काळात केव्हातरी निघालेला आहे. परंतु उरलेले आयुष्य एक लाख वर्षांच्या घरातले असेल, तर त्यातील नेमक्या या पहिल्या सहाशे वर्षांतच स्फोट झाला असण्याची शक्यता हजारात सहाच्या आसपास येते. 'असेलही' आणि 'असावा' यांच्यात हा एवढा फरक आहे.

समजा फुटला, तर काय दिसेल? अशा ताऱ्यांच्या नेहमीच्या स्फोटाची तेजस्विता आणि काक्षीचे अंतर यांवरून हिशेब केला तर त्याची प्रत उणे १० ते उणे ११ च्या आसपास जाईल. म्हणजे साधारण अष्टमीच्या चंद्राइतका प्रकाश, पण तो सगळा एकाच बिंदूत साठलेला. तो दिवसा सहज दिसेल, रात्री त्याच्या उजेडात रेखीव सावल्या पडतील. सूर्य याहून वीस ते पन्नास लाख पटींनी तेजस्वी असल्यामुळे रात्रीचा दिवस होणे अशक्य आहे. सुमारे तीन महिने हे तेज थोडेफार टिकेल, मग उतरू लागेल, आणि काही वर्षांनी मृगाचा तो कोपरा साध्या डोळ्यांना रिकामा दिसेल. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांची त्या वेळी एक गमतीदार पंचाईत होईल: त्यांच्या बहुतेक मोठ्या दुर्बिणींना एवढा प्रखर प्रकाश सोसणार नाही.

पृथ्वीवरील जीवसृष्टीला धोका मात्र नाही. अतिनवताऱ्याच्या किरणोत्सर्गाने ओझोनच्या थराची गंभीर हानी व्हायची तर तो साधारण २५ ते ५० प्रकाशवर्षांच्या आत फुटायला हवा. विशिष्ट प्रकारच्या स्फोटांतील क्ष-किरणांचा विचार करणारे काही अलीकडचे अभ्यास ही मर्यादा दीडशे प्रकाशवर्षांपर्यंत ताणतात. काक्षी कोणत्याही मोजमापाने याच्या कितीतरी पलीकडे आहे. समुद्रतळाच्या थरांत सापडणाऱ्या, अतिनवताऱ्यांतून आलेल्या किरणोत्सर्गी लोह-६० वरून असे दिसते की सुमारे वीस-तीस लाख वर्षांपूर्वी एक-दोन अतिनवतारे काक्षीपेक्षा बरेच जवळ फुटले होते, आणि आपले पूर्वज त्यातून सुखरूप निभावले.

आता उपयुक्त प्रश्न असा उरतो की खरी सूचना कोठून येईल. ती ताऱ्याच्या तेजावरून मिळण्याची खात्री नाही हे वर आलेच आहे. ती न्यूट्रिनोंवरून मिळेल. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारच्या एका लहान दीर्घिकेत, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर दिसलेल्या अतिनवताऱ्याचे न्यूट्रिनो जपान, अमेरिका आणि तत्कालीन सोव्हिएत संघ येथील शोधकांत मिळून अवघे दोन डझन नोंदले गेले होते, आणि तेही स्फोटाचा प्रकाश पोहोचण्याच्या काही तास आधी. काक्षी त्या ताऱ्यापेक्षा अडीचशे ते तीनशे पट जवळ आहे आणि आजचे शोधक कितीतरी मोठे आहेत. जपानमधील कामिओका खाणीतल्या सुपर-कामिओकांदेत लक्षावधी नोंदींचा पाऊस पडेल. काक्षीचे आवरण फार विस्तीर्ण असल्याने गाभा कोसळल्याने उठलेली आघाताची लाट पृष्ठभागापर्यंत यायला एक दिवसाच्या आसपास वेळ लागेल, म्हणजे न्यूट्रिनो आधी आणि प्रकाश नंतर. इतकेच नव्हे, तर सिलिकॉन जळत असतानाच्या शेवटच्या तासांतले न्यूट्रिनोही एवढ्या जवळच्या ताऱ्याकडून पकडता येतील अशी व्यवस्था तेथे केलेली आहे. जगभरचे न्यूट्रिनो शोधक एकमेकांना जोडणारी एक स्वयंचलित सूचनाव्यवस्थाही कार्यरत आहे. म्हणून 'काक्षी फुटणार' अशी बातमी दिसली की तिच्यात न्यूट्रिनोंचा उल्लेख आहे का, एवढे तपासावे. नसेल, तर ती पृष्ठभागाची बातमी आहे. कदाचित ती फार रोचकही असेल, परंतु तिच्यावरून तारीख काढता येत नाही.

ज्यांना बातम्यांवर अवलंबून राहायचे नाही, त्यांच्यासाठी हा तारा अतिशय सोयीचा आहे. डिसेंबर ते मार्च या महिन्यांत तो संध्याकाळी उत्तम दिसतो. जूनमध्ये, म्हणजे आपल्याकडे पंचांगात सूर्य मृग व आर्द्रा नक्षत्रांत असतो तेव्हा, तो सूर्याच्या उजेडात लपलेला असतो. त्यामुळे मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत तो 'गायब झाला' अशी चित्रफीत आली तर घाबरू नये. तुलनेसाठी ०.४ प्रतीचा प्रश्वा, ०.९ प्रतीची रोहिणी आणि पुनर्वसूच्या जोडीतील १.१ प्रतीचा पोलक्स हे तारे घ्यावेत. रोहिणीचा रंग काक्षीच्या जवळचा असल्याने तिच्याशी तुलना अधिक विश्वसनीय ठरते, मात्र तिचे तेजही किंचित बदलते हे लक्षात ठेवावे. तारे क्षितिजाजवळ असताना अंदाज करू नये, कारण खालच्या हवेत प्रकाश बराच शोषला जातो. तुलनेचे तारे शक्यतो सारख्याच उंचीवर असावेत. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले की तो डोळ्यांना खऱ्याहून अधिक तेजस्वी भासू लागतो, म्हणून दोन्ही ताऱ्यांकडे आळीपाळीने झटपट नजर टाकावी आणि काक्षी दोघांच्या मधल्या पट्ट्यात कोठे बसतो याचा दशांश प्रतीपर्यंत अंदाज नोंदवावा. आठवड्यातून एक नोंद पुरेशी आहे. तारीख, वेळ आणि तुलनेसाठी वापरलेले तारे तिच्यासोबत लिहून ठेवावेत. १९११ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन रूपविकारी तारे निरीक्षक संघटना जगातील कोणाही हौशी निरीक्षकाच्या अशा नोंदी स्वीकारते, आणि २०१९-२० च्या मंदीकरणाचा जो तेजआलेख आज अभ्यासला जातो त्यात साध्या डोळ्यांनी केलेल्या अशा नोंदींचाही समावेश आहे.